हॉलमधलं राज्य आणि तिथले खाजणे

चाळिशी उलटलेल्या बाईने राज्य स्थापन करू नये. केलंच, तर निदान हॉलचं दार लोटून घ्यावं. मी ते उघडं ठेवत असे, वारा लागावा म्हणून. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना येता-जाता दिसायचं, की शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई रविवारी भरदुपारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत, पुढ्यात वीस तोंडांचा फासा आहे आणि बाई ड्रॅगनसारखं फुसफुसताहेत. भिशीला न येणारी बाई पोरांना जमवून जुगार खेळते, असं आमच्या सोसायटीत झालं. त्याची मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते ते वेगळंच आहे. माझी नात आता तसलाच खेळ तिच्या मित्रमंडळींबरोबर खेळते आणि मला विचारते, "आजी, तुझं राज्य कसं होतं गं?" मी तिला ड्रॅगनपर्यंत सांगते. त्यापुढे मला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.

एव्हरशाईन सिटीत आम्ही राहायला आलो तेव्हा इमारती आधी आल्या होत्या आणि पाणी मागाहून टँकरने येत होतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी होती, इंजिनिअरिंगला. तिच्या मैत्रिणीच्या मामाने परदेशातून फासे आणि नियमांचं एक जाड पुस्तक आणलं होतं. ह्या मुलीने त्याची झेरॉक्स काढली आणि रविवारी खेळ सुरू केला. खेळणार कोण, तर तिचा अकरावीतला भाऊ आणि माझी नववीतली मुलगी. त्यांच्या घरी आजोबा दुपारी झोपत, म्हणून खेळायला आमचा हॉल.

खेळ तसा सोपा. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं. "समोर दरवाजा आहे. काय करता?" "ढकलतो." मग फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर दरवाजा उघडला, छोटा आला तर बोट चेमटलं. ना पट, ना सोंगट्या. सगळं बोलण्यावर.

मी पोहे द्यायला जात असे आणि ताटल्या उचलायच्या निमित्ताने रेंगाळत असे. वरची मुलगी बिचारी हुशार, पण तिच्या जगात दर रविवारी अंधार असायचा, एक सराय असायची आणि कोपऱ्यात तोच एक म्हातारा बसलेला असायचा. एकदा मला राहवेना. मी विचारलं, "ह्या सराईत जेवायला काय मिळतं?"

"पाव आणि चीज, काकू."

"रोज? आणि पोट बिघडलं तर? भात कुठे पिकतो तुझ्या राज्यात?"

ती झेरॉक्सची पानं उलटायला लागली. मी म्हटलं, "राजाला मुलं किती? सून कुठली केली? विहीर वाड्याच्या आत आहे की बाहेर?" तिचा भाऊ खो खो हसायला लागला. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा होती. "काकू, एक रविवार तुम्हीच सांगा ना," असं ती म्हणाली, आणि ही बाई, जिला शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी निवेदनसुद्धा देत नसे, ती पदर खोचून बसली ती उठलीच नाही. तो एक रविवार पुढे तीनेक वर्षं चालला.

नकाशा मी रांगोळीत काढायची. कागदावर काढला असता तर शहाणपणाचं झालं असतं, पण मला कागदावर सरळ रेघ येत नाही आणि चिमटीतून मात्र समुद्र सांडता येतो. मी जूचंद्रची. आमच्या गावच्या पोरी अंगण सारवलं की चिमटी घेऊन बसतातच. टीपॉय सरकवून फरशीवर मी निळा समुद्र घाली, पांढरे बर्फाचे डोंगर, हिरवी जंगलं, मधोमध राजाचा शुभ्र गड. बर्फ मी फ्रीजच्या वरच्या कप्प्यातच पाहिलेला. माझ्या डोंगरांवरच्या बर्फाला थोडा मटाराचा वास येत असणार. मुलांनी विचारलं, "काकू, एवढी छान रांगोळी कुठे शिकलात?" मी म्हटलं, "क्लासला." हे लक्षात ठेवा. त्या बाईच्या तोंडातून खोटं किती सहज निघायचं, ते पुढे उपयोगी पडेल.

संध्याकाळी हे बातम्या लावायला येत, त्याआधी राज्य झाडून काढावं लागे. पुढच्या रविवारी ते आठवून पुन्हा मांडायचं. साहजिकच नद्या हलत.

"काकू, मागच्या वेळी नदी गडाच्या ह्या बाजूला होती!"

"पूर आला मध्ये. पात्र बदललं."

"आणि हे गाव कुठे गेलं?"

"त्याच पुरात."

असं मी ते जग सांभाळत होते. आठवडाभर वर्गात मुलांना निबंध लिहायला देऊन मी खिडकीबाहेर बघत बसे आणि मनात राजाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरवत असे. माझ्या राज्यात ड्रॅगन होता, पण तो संकष्टीचा उपास करायचा, त्यामुळे त्या दिवशी प्रवास करणं सुरक्षित. जादूगारणींना हळदीकुंकवाला बोलवावंच लागे, नाहीतर शाप. तांदळाचे भाव ठरलेले होते आणि दुष्काळात ते चढत. मुलांना हे फार आवडायचं. वरची मुलगी म्हणायची, तिच्या कॉलेजात हाच खेळ खेळणाऱ्या टोळीच्या जगात कुणालाच भूक लागत नाही. मी वरवर "चल, काहीतरीच" म्हणे आणि आत गेल्यावर आरशात बघे.

आता खाजण्यांवर येते. दूध काही गॅसवर नाही.

झाडून काढलेली रांगोळी मी फेकत नसे. सगळ्या राज्याची मिळून एक करडी पूड डब्यात साठायची. ती संपवायची म्हणून मी नकाशाच्या एका कडेला, समुद्र आणि शेतांच्या मध्ये, पसरून टाकत असे. एका रविवारी पोरं तिथे जाऊन पोहोचली. वरच्या मुलाचा चोर होता, मोठा आगाऊ. तो म्हणाला, "काकू, ह्या करड्या भागात काय आहे?"

मी काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, "खाजण. भरतीचं पाणी शिरतं तो खारा चिखल."

"तिथे कोण राहतं?"

तिघं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि आतून निघालं, "कोन रं तुमी? आमचे खाजनान कशाला आलाव?"

तो माझ्या काकाचा आवाज होता. बांधावर उभा राहून परक्या माणसाला हटकणाऱ्या काकाचा. क्षणभर मलाच दचकायला झालं. पण पोरं हसली आणि हसणारी माणसं समोर असली की ह्या बाईचं भान सुटायचं. मी खांदे पाडले, पोट पुढे काढलं, आवाज नाकात चढवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. वरचा मुलगा फरशीवर लोळायला लागला; अर्धा समुद्र त्याच्या शर्टाला लागला. "अजून, काकू, अजून!"

अजून म्हटल्यावर मी काय, दिलं. त्या दिवसापासून खाजणे ही माझ्या राज्यातली राक्षसांची जात झाली. बुटके, काळे, पायाला कायमचा चिखल. अंगाला सुक्या मासळीचा वास. अकलेने कमी, आरसा दाखवला की घाबरून पळणारे. गडावरचे चांदीचे चमचे चोरणारे. आणि मुख्य म्हणजे बांध फोडणारे. भरतीच्या वेळी येऊन बांधाला भोकं पाडायची आणि गडाची शेतं खारट करायची, हा त्यांचा धंदा. एक खाजण्या मारला की दहा गुण.

माझा बाप आयुष्यभर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बांधाला चिखल लावत होता. बांध गेला की गावातलं प्रत्येक घर कोयत्या-फावड्यानिशी पळायचं. आम्ही पोरी डोक्यावरून चिखलाचे गोळे वाहायचो. ज्यांनी समुद्र अडवला त्यांनाच मी समुद्र आत घेणारे करून टाकलं. का केलं, असं विचारलंत तर ऐकायला बरं वाटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. हसू जास्त येत होतं, म्हणून केलं.

ह्यांचं घर देशावरचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला मी पाहुण्यांना म्हटलं, "पानी देऊ का?" माझ्या नणंदेने ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि सगळी ओटी हसली. मीही हसले. त्यानंतर माझी जीभ फूटपट्टीसारखी सरळ झाली. इतकी सरळ, की मी मराठीचीच मास्तरीण झाले आणि पुढची वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून "पाणी" घोटून घेत राहिले. सोसायटीत कुणी माहेर विचारलं तर म्हणे, "इथलंच, नायगावच्या बाजूला," आणि लगेच टँकर आला का ते बघायला खिडकीशी जाई. आईकडे मी जात होते, अगदी नेमाने. ती तिच्या बोलीत बोले, मी पुस्तकातल्या. ती शेजारणींना सांगायची, "आमची मास्तरीन हाय, तिचा तोंड आता साफ झाला."

तर अशी ती बोली मी इतकी वर्षं तोंडात येऊ दिली नव्हती, ती आता दर रविवारी दुपारी, राक्षसांच्या तोंडून, घडाघडा वाहायला लागली. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख होतं. खाजणे बोलायला लागले की माझी जीभ चपला काढून पाय पसरून बसायची. म्हणून तर मी त्यांना जवळपास दर आठवड्याला आणायचे. पोरं मारायची, मी पुढच्या रविवारी नवे आणायचे.

माझ्या मुलीला तो आवाज सुरेख जमला. एकदा स्टेशनजवळच्या बाजारात तिने मासळीवालीला नाकातून विचारलं, "केवऱ्याला देतंस गो म्हावरा?" मासळीवालीने पापलेट खाली ठेवलं आणि मुलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मुलीला दंडाला धरून बाजूला ओढलं. घरी येऊन रागावले. पण रविवारी तो प्रसंग वरच्या दोघांना रंगवून सांगितला तोही मीच.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस धूळ नको, चुलीचा धूर नको. भाऊ तिला माझ्याकडे सोडून गेला. नऊवारी, कपाळाला कुंकू आणि डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल. हॉलमधल्या दिवाणावर बसली की एखाद्या टोळीची म्होरकी बसल्यासारखी दिसायची. दिसत कमी होतं, म्हणून दिवसभर कान देऊन असायची. टँकरचा पाइप कुठे लागला तेही तीच सांगायची.

रविवार आला. बाकी जग मला काय म्हणेल ह्याची पर्वा नव्हती. पण तिच्या बोलीचं मी माझ्या राज्यात काय केलं आहे, हे तिला कळता कामा नये. एवढं एकच. मी सकाळीच वरच्यांना निरोप पाठवला, आज खेळ नाही. दोघं लगेच खाली.

"काकू, असं कसं? राजकन्येचं लग्न अर्ध्यावर आहे! वऱ्हाड निघालंय!"

"आजीला आराम हवा."

दिवाणावरून आवाज आला, "खेलू दे ना पोरांना. मना पन जरा गंमत."

झालं. मी टीपॉय सरकवला. पण मीही काही कमी नव्हते. त्या दिवशी करडी पूड डब्यातून काढलीच नाही. खाजणाच्या जागी पांढरे डोंगर वाढवून ठेवले. वऱ्हाड डोंगरातून जाईल, थंडीने कुडकुडेल, ड्रॅगनची संकष्टी असेल, संध्याकाळ होईल.

चोर नकाशावर वाकला. "काकू, इथलं खाजण कुठे गेलं?"

"गोठलं."

"खारं पाणी गोठत नाही एवढ्या लवकर," वरची मुलगी म्हणाली. इंजिनिअर होणार होती ना.

"मग आम्ही खाजणातूनच जाणार," चोर म्हणाला. "जवळ पडतं."

"रस्ता बंद आहे. दुरुस्ती चालू आहे."

"दुरुस्ती कोण करतंय, खाजणे?" तो खिदळला आणि हात तोंडाशी नेऊन, नाकातून, माझ्याच आवाजाची वाईट नक्कल करत ओरडला, "कोन हाय रं तिकरं?"

दिवाणावर गॉगल वर झाला. "कोन गो ह्यो पोरगा? आपल्याकरचा हाय?"

"नाही गं आई. खेळातलं आहे ते."

"आजी, मला नीट जमत नाही," तो म्हणाला. "काकू एकदम भारी करतात. काकू, करा ना!"

"नको."

"काकू, प्लीज! एकच!"

माझी मुलगी फासा हातात फिरवत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कर गो," आई म्हणाली. "मना ऐकू दे."

काय करणार होते मी? म्हटलं, पटकन एक वाक्य म्हणावं आणि वऱ्हाड पुढे न्यावं. खांदे पाडले नाहीत. पोट काढलं नाही. पण नाकाला सवय लागली होती. "कोन रं तुमी? आमचे खाजनान कशाला आलाव?"

आईने दोन्ही हात मांडीवर आपटले. "अगो बाय! तुना येतंय अजून!" गॉगलखाली तिचं सगळं तोंड हसत होतं. आयुष्यात इतक्या लवकर मी तिला कधी खूष केलं नव्हतं. ना शिकून, ना नोकरी लागून. ती पुढे सरकली आणि माझ्या राक्षसाला तिने थेट उत्तर दिलं, "पावनं हाव रं बाबा, लांबून आलाव. आदी पानी दे!"

वरची दोघं हसून हसून एकमेकांवर पडली. आईला वाटलं तिच्या उत्तराला दाद मिळाली. तीही हसली. मी एकटी तिथे बसून बघत होते, की ही तीन माणसं एकाच गोष्टीला हसताहेत आणि गोष्ट एक नाही.

"आजी, तुम्ही काकूंच्यापेक्षा भारी खाजण्या करता!" मुलगा म्हणाला.

"खाजन्या म्हंजे कोन रं?"

मी म्हटलं, "आई, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली."

"थांब गो. सांग रं बाला."

आणि त्या पोराने सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट म्हातारीला खेळात घ्यावं म्हणून तो प्रेमाने समजावत होता. ते चिखलात राहतात, आजी. काळे असतात. त्यांना अक्कल नसते. असं गमतीदार बोलतात. चोऱ्या करतात. आम्ही त्यांना मारतो, एकाला दहा गुण. काकूंनीच बनवलेत सगळे.

"आनि काय करतान ती?"

"बांध फोडतात."

"बांध फोरतान?" आई म्हणाली. "खाजनातली मानसं?" ती एकदा हसली, छोटंसं. मग गॉगल माझ्याकडे वळला. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, धुरकट काहीतरी दिसत असेल. पण ती बघत राहिली.

माझ्या मुलीने मान खाली घातली होती. आजीच्या मांडीवर झोपून तीच बोली ऐकत ती वाढली होती. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी तेव्हा तीनचार गोष्टी करू शकले असते. पोरांना सांगू शकले असते, अरे, ही माझी आई, आणि आम्ही असंच बोलतो. एवढं एक वाक्य. ते करायच्या ऐवजी मी वर्गातला आवाज काढला.

"अचानक उधाणाची भरती आली," मी म्हटलं. "खाजण बुडालं. एकही खाजण्या उरला नाही. वऱ्हाड सुखरूप पलीकडे पोहोचलं."

"काय?" वरची मुलगी ताडकन उठून बसली. "काकू, फासा तरी टाका!"

"फासा नाही. जग माझं आहे."

"पण सगळे? एकदम? आम्ही काही केलंच नाही!"

"सगळे. विषय संपला."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दिवाणावरून आई हळूच म्हणाली, "सगली मेली? पोरां पन?"

"आई, खेळ आहे गं."

"हां," ती म्हणाली. "खेल हाय."

राजकन्येचं लग्न त्या दिवशी लागलं, पण कुणाला त्यात रस नव्हता. वरची दोघं लवकर गेली. मी झाडू घेऊन डोंगर, गड, मांडव, सगळं एका कोपऱ्यात लोटत होते. माझी पाठ आईकडे होती. ती रागावली नव्हती, हे तिच्या आवाजावरून कळलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग आता तू कोनाचे तोंडान बोलशील गो?"

मी झाडू जोरात मारला. ऐकू न आल्यासारखं करून विचारलं, "चहा टाकू?"

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे व्हायच्या आधीच तिने भावाला बोलावून घेतलं. कोंबड्या राहिल्यात, म्हणाली. कोंबड्या वहिनी सांभाळत होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

राज्य त्यानंतरही चाललं, पण त्यात जीव नव्हता. पोरांनी खाजण्यांसाठी फार हट्ट धरला. एक तरी पळून गेलेला असेल, काकू, झाडावर चढून बसलेला असेल. मी एकदा प्रयत्न केला. तोंड उघडलं आणि समोर तो काळा गॉगल दिसला. म्हटलं, नाही, कुणी नाही उरलं. पुढे वरच्या मुलीला नोकरी लागली, माझ्या मुलीची बारावी आली आणि टीपॉय सरकवायचं कारण राहिलं नाही.

मात्र खरी शिक्षा त्याआधीच झाली होती. आई परत गेली त्याच वर्षी गणपतीला मी जूचंद्रला गेले. आई ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. डोळा बरा झाला होता, गॉगल गेला होता. मला बघून ती उठली.

"ये. बस," ती म्हणाली. "प्रवासात त्रास नाही ना झाला? पाणी आणू का?"

एव्हरशाईनपासून जूचंद्र, कसला आलाय प्रवास! पण मी हसू शकले नाही. तो "ण" तिने, डबक्यावरून पाऊल उचलून टाकावं तसा, जपून टाकला होता. मला वाटलं टोमणा मारतेय. मी वाट बघितली, आता हसेल, आता म्हणेल काहीतरी. ती तशीच बोलत राहिली. जावईबापूंची प्रकृती कशी आहे? मुलीचा अभ्यास चांगला चालला आहे ना? मधेच वहिनीला हाक मारायची ती नेहमीसारखी, "अगो, भात बघ, लागल!" आणि माझ्याकडे वळली की पुन्हा सावकाश, शब्द शोधत, डॉक्टरशी बोलावं तसं. तो राग नव्हता. राग असता तर मी पायावर पडले असते. तिने एवढंच ठरवलं होतं, की आपण बोललो की लेकीला लाज वाटते, तर लेकीसमोर नको बोलायला. ह्या वयात तिने माझ्यासाठी तोंड साफ करायला घेतलं होतं.

मी मनाशी म्हटलं, आता आपण बोलायचं. पुरे झालं. तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचं, जशी लहानपणी बोलत होते तशी. वाक्यही ठरवलं, साधंच. मी तोंड उघडलं. "आये, मना पन पानी दे."

शब्द बरोबर होते. पण माझे खांदे पडले. पोट पुढे आलं. आवाज नाकात चढला. भावाची पोरं उंबऱ्यात बसली होती ती फिसकन हसली. मी घसा खाकरून परत म्हटलं, हळू, सांभाळून. ते जास्तच वाईट झालं. माझ्याकडे दुसरा आवाजच नव्हता. लहानपणीचा कुठे गेला होता कोण जाणे. वीस-बावीस वर्षं कोंडून ठेवला आणि बाहेर काढला तो फक्त हसवायला, त्यामुळे आता एवढाच उरला होता. आईच्या ओटीवर, तिच्या समोर, तिची लेक खाजण्या होऊन पाणी मागत होती.

तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा तिने माझ्या दंडावर हात ठेवला. मला ती जन्मभर "बाय" म्हणत आली होती.

"राहू दे, बाळा," ती म्हणाली. "तुला त्रास होतो. चहा घेणार ना?"

मी म्हटलं, "घेईन."